लहान कॉलेजांतील मानसशास्त्र

मानसशास्त्राच्या इतिहासाचें कोणतेंहि पुस्तक उघडा. त्यांत पहिलें नांव येतें तें लाइपझिगचें. इ. स. १८७९ मध्यें विल्हेल्म वुंट यांनीं तेथील विद्यापीठांत प्रयोगशाळा काढली, आणि तेव्हांपासून मन हा केवळ तत्त्वचिंतनाचा विषय न राहतां मोजमापाचाहि विषय झाला, असें आपण वाचतों. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स, हार्वर्ड, कॉर्नेल, कोलंबिया अशीं मोठमोठीं नांवें क्रमानें येऊं लागतात. आणि वाचकाचा सहजच असा समज होतो कीं, हें शास्त्र मोठ्या विद्यापीठांच्या आश्रयानेंच काय तें वाढलें. ज्यांचें मुख्य काम मुलींना बी. ए. पर्यंत शिकविण्याचें, अशा अमेरिकेंतील दोन कॉलेजांचा उल्लेख ह्या पुस्तकांत क्वचित् एखाद्या तळटीपेंत सांपडतो. त्या दोन कॉलेजांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावी असा आमचा विचार आहे.

आमचें स्वतःचें सांगावयाचें तर आम्हीहि मानसशास्त्र शिकलों तें एका लहान कॉलेजांत. तेथें ह्या शास्त्राला स्वतंत्र खोली नव्हती. तर्कशास्त्र व नीतिशास्त्र यांच्या बिऱ्हाडांत तें पोटभाडेकरू म्हणून राहत असे. प्रतिक्रिया-काल म्हणजे काय ह्याची व्याख्या आम्हांस तोंडपाठ होती, पण तो मोजण्याचें घड्याळ आम्हीं कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. अवधान, स्मृति, भावना यांवर आम्हीं पानेंच्या पानें उत्तरें लिहिलीं. आपलें स्वतःचें अवधान किती वेळ टिकतें हें मात्र तपासून पाहावयास कोणी सांगितलें नाहीं, आणि आम्हांसहि तें सुचलें नाहीं. लहान कॉलेजांत ह्याहून अधिक काय होणार, अशी त्या वेळीं आमची समजूत होती. शिक्षकांचीहि बहुधा तीच असावी. म्हणूनच पुढें वेलस्ली व व्हॅसर येथील वृत्तांत वाचनांत आला तेव्हां आम्हांस आश्चर्य वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडी असूयाहि.

बोस्टन शहरापासून जवळच वेलस्ली हें गांव आहे. तेथील स्त्रियांचें कॉलेज १८७५ सालीं उघडलें, आणि शिकविणाऱ्याहि स्त्रियाच असाव्यात असा तेथील शिरस्ता होता. १८८७ सालीं मेरी व्हिटन कॅल्किन्स नांवाच्या चोवीस वर्षांच्या बाई तेथें ग्रीक शिकविण्यास आल्या. पुढें कॉलेजांत मानसशास्त्राचा वर्ग काढण्याचें घाटूं लागलें. परंतु तें शिकविणारी बाई मिळेना, कारण तें शिकलेली बाईच त्या देशांत दुर्मिळ होती. तेव्हां ह्या ग्रीकच्या अध्यापिकेलाच सांगण्यांत आलें कीं, एक वर्ष बाहेर जाऊन हा विषय शिकून या व मग शिकवा. हा तोडगा ऐकून आज हंसूं येईल. पण त्यांतूनच पुढील सर्व गोष्टी घडल्या.

शिकावयाचें कोठें, हा प्रश्न होता. जवळच हार्वर्ड होतें, आणि तेथें विल्यम जेम्स होते. परंतु हार्वर्डचे दरवाजे स्त्रियांना बंद. बाईंच्या वडिलांनीं अर्ज केला, कॉलेजनें शिफारस केली, आणि १८९० च्या ऑक्टोबरांत परवानगी मिळाली ती अशी कीं, ह्या बाईंनीं वर्गांत बसावें, पण त्यांना विद्यापीठाची विद्यार्थिनी समजूं नये. जेम्स यांचा मानसशास्त्रावरील दोन खंडांचा महाग्रंथ त्याच वर्षीं बाहेर पडला होता. त्यांच्या वर्गांतील इतर विद्यार्थी पहिल्या कांहीं आठवड्यांतच गळाले. आणि शेकोटीच्या एका बाजूस जेम्स व दुसऱ्या बाजूस कॅल्किन्सबाई, मध्यें तो ताजा ग्रंथ, असा तो वर्ग चालला. जी विद्यार्थिनी नव्हे असें विद्यापीठाचें म्हणणें, तीच वर्गांतील एकुलती एक विद्यार्थिनी ठरली!

पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८९१ मध्यें, बाईंनीं वेलस्लीस प्रयोगशाळा उघडली. स्त्रियांच्या कॉलेजांतील ही पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा. क्लार्क विद्यापीठाचे एडमंड सॅनफोर्ड यांनीं उपकरणांच्या बाबतींत साह्य केलें. पहिल्याच वर्गांत पन्नासांहून अधिक मुली होत्या. त्यांनीं मेंढराच्या मेंदूचें विच्छेदन केलें, कातडीवरील स्पर्शाचीं अंतरें मोजलीं, स्मरणाचे व साहचर्याचे प्रयोग एकमेकींवर करून पाहिले. स्वप्नांचा अभ्यास तर बाईंनीं व सॅनफोर्ड यांनीं स्वतःवरच केला: रात्रीं निरनिराळ्या वेळीं गजर लावून उठावयाचें आणि स्वप्न मनांतून निसटण्यापूर्वीं मेणबत्तीच्या उजेडांत लिहून काढावयाचें. हा निबंध १८९३ त प्रसिद्ध झाला, आणि स्वप्नमीमांसेवरील फ्रॉइडच्या १९०० सालच्या प्रसिद्ध ग्रंथांत त्याचा आधार घेतलेला आढळतो.

परंतु ह्या प्रयोगशाळेंतील ज्या कामानें आमचें लक्ष वेधलें तें बाईंचें नव्हे, त्यांच्या एका विद्यार्थिनीचें. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील जोसेफ जॅस्ट्रो नांवाच्या प्राध्यापकांनीं आपल्या वर्गांतील पंचवीस तरुण व पंचवीस तरुणी घेतल्या आणि प्रत्येकास मनांत येतील तसे शंभर शब्द झरझर लिहून काढावयास सांगितलें. ह्या पांच हजार शब्दांची त्यांनीं वर्गवारी केली. पुरुषांच्या यादींत प्राण्यांचीं नांवें अधिक, स्त्रियांच्या यादींत वस्त्रें, कापडाचे प्रकार व खाद्यपदार्थ अधिक. शिवाय स्त्रियांचे शब्द एकमेकींशीं पुरुषांच्या शब्दांहून अधिक जुळत होते. एवढ्यावरून प्राध्यापकमहाशयांनीं निष्कर्ष काढला तो असा कीं, स्त्रीचें मन जवळच्या, तयार, शोभेच्या व मूर्त वस्तूंकडे धांवतें, आणि पुरुषाचें मन दूरच्या, उपयुक्त, सामान्य व अमूर्त गोष्टींकडे. १८९१ सालीं हा लेख प्रसिद्ध झाला. निष्कर्ष लोकांच्या पूर्वग्रहांस अनुकूल असल्यामुळें तो कोणास खटकला नाहीं. कोणाच्या यादींत ‘झालर’ आली आणि कोणाच्या यादींत ‘घोडा’ आला एवढ्यावरून मनुष्यजातीच्या अर्ध्या भागाची बुद्धि मापली जात आहे, हें त्या वेळीं फारशा कोणाच्या ध्यानांत आलें नसावें.

वेलस्लीच्या प्रयोगशाळेंत कॉर्डेलिया नेव्हर्स नांवाच्या विद्यार्थिनीनें अगदीं साधी गोष्ट केली: तोच प्रयोग त्याच रीतीनें आपल्या कॉलेजांतील पंचवीस मुलींवर करून पाहिला. जॅस्ट्रो यांच्या सिद्धान्ताप्रमाणें ह्या मुलींचे शब्दहि एकमेकींशीं तसेच जुळावयास हवे होते, आणि त्यांच्याहि मनांत वस्त्रें व पक्वान्नें तशींच गर्दी करावयास हवीं होतीं. तसें झालें नाहीं. वेलस्लीचे आंकडे विस्कॉन्सिनच्या आंकड्यांशीं जुळेनात. हा निबंध १८९५ त ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ ह्या त्रैवार्षिक नव्हे, वर्षांतून अनेक वेळां निघणाऱ्या मान्यवर पत्रांत छापून आला. जॅस्ट्रो यांनीं उत्तर दिलें. त्यास कॅल्किन्सबाईंनीं १८९६ त प्रत्युत्तर दिलें. बाईंचा मुद्दा आमच्या मतें त्या सर्व वादांतील सर्वांत मोलाचा आहे. त्या म्हणतात त्याचा आशय असा कीं, पाळण्यांतल्या वयापासून मुलींना ज्या परिस्थितींत वाढविलें जातें ती मुलांच्या परिस्थितीहून वेगळी असते. हा परिस्थितीचा परिणाम वगळतां येत नाहीं तोंवर स्त्रीमन व पुरुषमन यांच्या मूळ स्वभावाविषयीं ह्या याद्यांवरून कांहींएक सांगतां येणार नाहीं. म्हणजे स्त्रियाच श्रेष्ठ, असा उलट दावा त्यांनीं केला नाहीं. पुरावा जेवढें सांगतो तेवढेंच बोला, एवढाच त्यांचा आग्रह.

बी. ए. च्या वर्गांतील एका मुलीनें नामांकित प्राध्यापकाचा प्रयोग पुन्हां करून पाहावा, आणि तो फसला तर तसें छापून सांगावें, ह्याला मोठ्या इमारती लागत नाहींत. पंचवीस कागद, पंचवीस पेन्सिली व पाठीशीं उभी राहणारी एक अध्यापिका एवढें पुरतें. आमच्या त्या लहान कॉलेजांतहि कागद व पेन्सिली होत्या.

ह्याच सुमारास कॅल्किन्सबाई हार्वर्डमध्यें ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेंत साहचर्यावर काम करीत होत्या. रंग व अंक यांच्या जोड्या दाखवून पुढें रंग पाहतांच अंक आठवतो कीं नाहीं, हें तपासण्याची त्यांची पद्धत स्मृतीच्या अभ्यासांत आजहि वापरली जाते. (ह्याच म्युन्स्टरबर्ग यांच्यापाशीं शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनीं पुढें १९१५-१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठांत भारतांतील पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा चालविली.) म्युन्स्टरबर्ग यांनीं बाईंना डॉक्टरची पदवी द्यावी म्हणून विद्यापीठाकडे रदबदली केली, ती फुकट गेली. १८९५ च्या मे महिन्यांत प्राध्यापकांनीं त्यांची रीतसर तोंडी परीक्षा घेतली, त्या उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाल्या, आणि विद्यापीठानें पदवी नाकारली. १९०२ सालीं हार्वर्डच्या शेजारच्या रॅडक्लिफ ह्या स्त्रियांच्या कॉलेजची पदवी त्यांस देऊं करण्यांत आली. काम केलें हार्वर्डमध्यें आणि पदवी घ्यावयाची दुसऱ्याच संस्थेची, हें त्यांना पटलें नाहीं; त्यांनीं ती नम्रपणें नाकारली. तीन वर्षांनीं, १९०५ त, अमेरिकन मानसशास्त्र-परिषदेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा म्हणून त्यांचीच निवड झाली. १९२७ सालीं हार्वर्डच्याच कांहीं नामांकित पदवीधरांनीं पुन्हां अर्ज केला. तोहि फेटाळला गेला. १९३० त बाई वारल्या त्या त्या पदवीवांचूनच.

आतां व्हॅसरकडे वळूं. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या कॉलेजांतून आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्याच्या पुढल्याच वर्षीं न्यू यॉर्क संस्थानांतील पकिप्सी गांवच्या व्हॅसर कॉलेजांत मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न ही सोळा वर्षांची मुलगी दाखल झाली. चार वर्षांच्या अखेरीस तिला दोन गोष्टींची गोडी लागली होती, प्रयोगशास्त्रांची व तत्त्वज्ञानाची. ह्या दोन्ही एकत्र नांदतात असें एक नवें शास्त्र निघालें आहे, हें तिच्या कानीं आलें आणि तिचा मार्ग ठरला. कोलंबियांत मॅक्कीन कॅटेल यांनीं तिला इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीनें राबविलें. परंतु विद्यापीठाच्या लेखीं ती केवळ ‘श्रोती’. तेव्हां कॅटेल यांनींच तिला कॉर्नेलला जाण्याचा सल्ला दिला. तेथें टिचनर नुकतेच लाइपझिगहून आले होते. त्यांच्या हाताखालीं दोन वर्षें काम करून १८९४ त वॉशबर्नबाईंनीं मानसशास्त्रांतील डॉक्टरची पदवी मिळविली. हा मान रीतसर मिळालेली ही पहिली स्त्री. त्यांचा प्रबंध वुंट यांच्या पत्रांत जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला.

अशी योग्यता असलेला पुरुष एखाद्या मोठ्या विद्यापीठांत गेला असता. वॉशबर्नबाई गेल्या वेल्स नांवाच्या लहानशा कॉलेजांत. तेथें सहा वर्षें काढून, कॉर्नेल व सिन्सिनाटी येथें थोडाथोडा काळ राहून, १९०३ सालीं त्या आपल्या जुन्या व्हॅसरला परतल्या. नेमणूक तत्त्वज्ञानाच्या खात्यांत होती. मानसशास्त्राचें बिऱ्हाड तेथेंहि आधीं दुसऱ्याच्याच घरांत होतें तर! तें पुढें वेगळें झालें, आणि १९०८ त बाई पूर्ण प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षीं प्राण्यांच्या मनोव्यापारांवरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. कुत्र्यामांजरांच्या हुशारीच्या ऐकीव गोष्टी बाजूस सारून प्रयोगांनीं काय सिद्ध झालें तें त्यांत त्यांनीं एकत्र आणलें. १९३६ पर्यंत ह्या ग्रंथाच्या चार आवृत्त्या निघाल्या.

मोठ्या विद्यापीठांत प्राध्यापकाच्या हाताखालीं डॉक्टरच्या पदवीसाठीं झटणारे विद्यार्थी असतात. त्यांच्या श्रमांवर प्रयोगशाळा चालते. व्हॅसरमध्यें अशी मंडळी नव्हती. होत्या त्या शेवटल्या वर्षाच्या वीस-एकवीस वर्षांच्या मुली, ज्यांच्याजवळ आठवड्यांतले कांहीं तास मोकळे आणि हातीं एकच वर्ष. बाईंनीं ह्या अडचणीलाच पद्धतीचें रूप दिलें. वर्षाच्या आरंभीं त्या असे प्रश्न निवडीत कीं जे लहान असूनहि खरे असतील, ज्यांचें उत्तर पुस्तकांत नसेल, आणि जे महागड्या यंत्रांवांचून वर्षभरांत सुटतील. रंगीत कागदाचा तुकडा लहान असतांना अधिक आवडतो कीं मोठा असतांना? अर्थहीन ध्वनींपैकीं कांहीं कानास गोड व कांहीं कटु कां लागतात? कवितेकडे ओढा असलेल्या मुली व शास्त्रें शिकणाऱ्या मुली यांच्या आवडीनावडींच्या तीव्रतेंत फरक असतो काय? सशाच्या डोळ्याला तांबडा रंग किती उजळ दिसतो? मुली प्रयोग करीत, आंकडे जमवीत, कोष्टकें मांडीत. बाई त्यांचा अर्थ लावून निबंध लिहून काढीत. आणि तो ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ मध्यें ‘व्हॅसर कॉलेजच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेंतील अभ्यास’ ह्या मालेंत दोघींच्या किंवा तिघींच्या नांवानें प्रसिद्ध होई. १९०५ ते १९३८ पर्यंत ह्या मालेंत सुमारें सत्तर निबंध निघाले, आणि त्यांवर शंभरांहून अधिक विद्यार्थिनींचीं नांवें आहेत. कांहीं निबंधांवर मुलींचीं नांवें आधीं व बाईंचें शेवटीं आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही आम्हांस वजनदार वाटतात. पहिला हा कीं प्रश्न बाईंचा, लेखणी बाईंची. मग मुलींचें त्यांत काय? हें खरें आहे. परंतु सुताराकडे उमेदवारी करणारा मुलगाहि पहिल्या वर्षीं स्वतः कल्पून कपाट करीत नाहीं. रंधा मारतां मारतांच लांकडाची शीर कोठें उलटते हें त्याला कळतें. मोजतांना आपण कसे चुकतों, मनाजोगा आंकडा यावा असें मनांतून कसें वाटत असतें, आणि तो न आला तरी तो लिहावा लागतो, हें शिक्षण व्याख्यानांतून मिळत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. प्रयोग करणाऱ्या व्हॅसरच्या मुली आणि बहुतेक प्रयोग ज्यांच्यावर झाले त्याहि व्हॅसरच्या मुली. एका सुखवस्तु वर्गांतील, एका वयाच्या, एकाच वसतिगृहांत राहणाऱ्या. त्यांच्यावरून मनुष्यमात्राच्या मनाविषयीं कितपत बोलावें? जॅस्ट्रो यांच्यावर वेलस्लीनें जो प्रश्न रोखला होता तोच येथें व्हॅसरवरहि रोखतां येतो. मात्र हा दोष एकट्या व्हॅसरचा नाहीं; जवळ सांपडेल त्या विद्यार्थ्यावर प्रयोग करावयाचा हा प्रघात मोठ्या विद्यापीठांतहि होता, आणि तो अजून सुटलेला नाहीं.

इतकें काम होऊनहि एक दार बंदच होतें. १९०४ सालीं टिचनर यांनीं प्रयोगवाद्यांचें एक मंडळ स्थापन केलें. त्याची बैठक खेळीमेळीची, चिरुटांच्या धुरांत चालावयाची. म्हणून तींत स्त्रियांना प्रवेश नाहीं. ज्यांच्या पहिल्या डॉक्टर-शिष्या वॉशबर्नबाई, त्याच गुरूंनीं हा नियम केला, ह्याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें. व्हॅसरच्याच एक जुन्या विद्यार्थिनी, रंगदृष्टीवरील संशोधनाकरितां प्रसिद्ध असलेल्या क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन, यांनीं टिचनर यांस तिखट पत्रें लिहिलीं. उपयोग झाला नाहीं. १९२१ सालीं वॉशबर्नबाई अमेरिकन मानसशास्त्र-परिषदेच्या अध्यक्षा झाल्या, तरी त्या धुरकट खोलींत त्यांना जागा नव्हती. १९२७ त टिचनर वारले. १९२९ त त्या मंडळाची पुनर्रचना झाली तेव्हां वॉशबर्नबाई व जून डाउनी ह्या दोन स्त्रिया सभासद म्हणून घेतल्या गेल्या. आणि १९३१ सालीं मंडळाची बैठक भरली ती व्हॅसर कॉलेजांत, बाईंच्या निमंत्रणावरून. त्याच वर्षीं नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस ह्या त्या देशांतील सर्वश्रेष्ठ शास्त्रीय संस्थेनें त्यांस सभासद करून घेतलें.

ह्या बायका लहान कॉलेजांत कां राहिल्या, ह्याचें विद्यापीठांच्या दाराबाहेरचें एक कारण आमच्या वाचकांस सहज समजेल. वॉशबर्नबाई आईबापांच्या एकुलत्या एक कन्या. वृद्ध मातापितरांपासून दूर राहणें त्यांस पसंत नव्हतें, आणि व्हॅसर त्यांना जवळ पडे. कॅल्किन्सबाईंनाहि १९०५ च्या सुमारास न्यू यॉर्कमधील कोलंबिया व तिच्याशीं जोडलेलें बर्नार्ड कॉलेज येथील जागा चालून आली होती. घरच्या मंडळींना हलवावें लागेल म्हणून त्यांनीं ती घेतली नाहीं. दोघीहि अविवाहित राहिल्या. विवाहित स्त्रीला अशा कॉलेजांत प्राध्यापकी करीत राहणें त्या काळीं बहुधा अशक्यच होतें. पुरुष प्राध्यापकाच्या चरित्रांत असलीं प्रकरणें सहसा नसतात. लहान कॉलेजचें हें भाग्य पुष्कळ अंशीं इतरांनीं लादलेल्या अडचणींतून आलें होतें, हें विसरून नुसतें कौतुक करणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

१९१४ च्या मार्चमध्यें वेलस्लीच्या मुख्य इमारतीला आग लागली, आणि तींत मानसशास्त्राची प्रयोगशाळा उपकरणांसकट जळून गेली. कॅल्किन्सबाईंच्या मागून ती सांभाळणाऱ्या एलिनॉर गॅम्बल ह्या बाईंनीं ती पुन्हां उभी केली. व्हॅसरमध्यें १९२८ सालीं जुन्या विद्यार्थिनींनीं वॉशबर्नबाईंच्या दीर्घ सेवेबद्दल एक थैली जमवून त्यांस अर्पण केली. ती त्यांनीं स्वतःसाठीं न ठेवतां मुलींच्या शिष्यवृत्तीसाठीं कॉलेजकडे दिली. १९३७ च्या मार्चमध्यें त्यांस पक्षाघाताचा झटका आला आणि शिकविणें थांबलें. मालेंतील शेवटचे निबंध पुढल्या वर्षीं छापून निघाले. १९३९ च्या ऑक्टोबरांत पकिप्सी येथें त्या वारल्या.